ऱ्होडीतून आलेली ओ

१

दर शनिवारी न्याहारीची भांडी विसळून झाली, की मी आणि माझी धाकटी बहीण मार्सली मेणकापडाचे कोट अंगात चढवून, पहारी खांद्यावर टाकून ओकच्या रानाकडे निघत असू. मी किलव्हॉरन गावच्या पोस्टात आयुष्य काढले. निवृत्तीनंतर हातांना काम नसणे मला मानवले नसते. म्हणून गाव, इस्टेट आणि वनखाते या तिघांनी मिळून ऱ्होडीची झुडपे हटवण्याची भागीदारी सुरू केली, तेव्हा तिचे चिटणीसपद मी होऊन मागून घेतले. मार्सली आली ती माझ्यामुळे. तिला झाडे उपटण्यात रस नव्हता, माणसांत होता.

ऱ्होडोडेंड्रॉन हे पूर्ण नाव आम्ही पत्रव्यवहारापुरते ठेवले आहे. इस्टेटीच्या कोणा पूर्वजाने शिकारीच्या पाखरांना आडोसा हवा म्हणून ती परदेशातून आणून लावली, आणि पुढे तिने डोंगरापासून खाडीपर्यंतचे रान गिळले. जूनमध्ये ती जांभळी फुलते आणि पाहुणे तिची छायाचित्रे काढतात. ते आत जात नाहीत. आत भर दुपारी दिवेलागणीचा उजेड असतो. जमिनीवर गवताची काडी नसते, शेवाळ नसते, पाखराचा आवाज नसतो. फांद्या एकमेकींत अशा अडकलेल्या, की आत शिरलेल्या माणसाला वळायचे झाले तर आधी कोपर कुठे ठेवायचे याचा विचार करावा लागतो.

ओढ्याचे पाणी सगळे गाव पिते, म्हणून औषध फवारायचे नाही असे ठरले होते. फांद्या हाताने मोडायच्या, बुंधा पहारीने उचकटायचा आणि मुळे आभाळाकडे करून उलटा ठेवायचा, म्हणजे तो पुन्हा जीव धरत नाही. आम्ही मागे सोडलेल्या जमिनीवर असे उलटे बुंधे ओळीने बसलेले असत.

जाळीत शेजारचे माणूस दिसत नाही. म्हणून हाकेचा नियम केला, तोही माझाच. सगळ्यांनी एका रांगेत आत शिरायचे. खाडीकडच्या टोकाला मी. मी शेजारणीचे नाव घ्यायचे, तिने ओ देऊन पुढच्याचे नाव घ्यायचे, आणि अशी हाक डोंगराकडच्या टोकाला लाखलनपर्यंत जायची. लाखलन होडीवाला, आवाज भरदार. तो ओ देई आणि म्हणे, "माझ्यापुढं कोणी नाही." तिथे हाक संपे. आणि ज्याने ओ दिली आहे, तो बाहेर आल्याखेरीज कोणीही घरी जायचे नाही, हा नियमाचा दुसरा भाग.

"बाई, तुम्ही पोस्टात कधी पत्र हरवलं नाहीत," लाखलन फाटकाशी चहा पिताना म्हणे, "आता माणूस तरी हरवू द्या की एखादं. माझ्या बायकोचा भाऊ आहे बघा, घेता का रांगेत?"

"लाखलन, चहा सांडतोस," मी म्हणत असे.

२

नोव्हेंबरातल्या एका रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपून आम्ही रानाच्या कडेने घरी चाललो होतो. वारा पडलेला होता. मार्सली मध्येच थांबली.

"कोणीतरी काम करतंय."

मी ऐकले. बुंधा निघताना एक विशिष्ट आवाज होतो. आधी करकर, मग दाढ उपटल्यासारखा एक खोल सुस्कारा. तो जाळीच्या अगदी मधून आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. कामात घाई नव्हती.

आमच्या गावात रविवारी कोणी कपडे वाळत घालत नाही. गुलाबाला कात्री लावत नाही. रविवारी पहार मारणे म्हणजे चर्चच्या दारात उभे राहून शिवी देण्यासारखे.

"इस्टेटीवरची नवी माणसं असतील," मागून येणारा लाखलन म्हणाला. "दक्षिणेकडची. त्यांना काय रविवार आणि काय सोमवार."

"मग विचारायला हवं."

"विचारा की. म्हणजे ती म्हणतील, गाववाले आम्हाला धर्म शिकवतात. मग इस्टेटीच्या मिसेस ऑगिल्वी रुसतील. मग भागीदारी बसेल चुलीत."

मी विचारले नाही. एका तिकिटाचा हिशेब लागला नाही तर एडिंबरोच्या मुख्य कचेरीला लिहिणारी मी. पण दुसऱ्याच्या रविवारात नाक खुपसणे आमच्याकडे रविवार मोडण्याहून फारसे कमी मानत नाहीत. आम्ही घरी गेलो. मार्सलीने मात्र जेवताना दोनदा खिडकीकडे पाहिले.

"एकटाच असेल गं तो," ती म्हणाली. "एकाच पहारीचा आवाज होता."

३

भागीदारीची बैठक गावच्या सभागृहात भरली. मार्सलीने चहाबरोबर खायला स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजले होते. इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्या मिसेस ऑगिल्वी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाळीच्या मध्यभागी गावानं जे काम केलंय, त्याबद्दल इस्टेटीतर्फे मनापासून आभार. इतकी स्वच्छ जमीन मी पाहिली नाही."

लाखलनने मला कोपराने ढोसले. "बाई, मध्यभागी आपण कधी गेलो?"

"त्यांचं बोलणं पुरं होऊ दे," मी म्हटले, आणि मग उठले. "काही गैरसमज होतोय. मध्यभागाचं काम तुमच्या माणसांचं आहे. आम्ही ते ऐकतो. रविवारीसुद्धा."

"आमची माणसं? रविवारी?" मिसेस ऑगिल्वी हसल्या. "अहो, त्यांना सोमवारी उठवता उठवता माझ्या नाकी नऊ येतात."

वनखात्याचा नील, गोरापान, सभ्य तरुण, खुर्चीत अस्वस्थ झाला. "म्हणजे तुम्हा दोघांपैकी कोणीच नाही? मी तर दोघांचे आभार मानायचे म्हणून छायाचित्र आणलंय."

त्याने ड्रोनने काढलेले छायाचित्र भिंतीवर दाखवले. गालिचासारखी हिरवी जाळी, आणि तिच्या बरोबर मध्ये एक तपकिरी मोकळी जागा. तिच्यात उलट्या बुंध्यांच्या ओळी होत्या, आमच्यापेक्षा सरळ.

"आत जायची वाट कुठं आहे?" मार्सलीने विचारले.

सगळ्यांनी पुन्हा पाहिले. चहूकडे जाळी अखंड होती.

कोणी तरी खोकले. मिसेस ऑगिल्वी म्हणाल्या, की काही स्वयंसेवकांना नाव झालेले आवडत नाही. नील म्हणाला, की काम चांगले आहे हे तर खरे. मग मागच्या बाकावरून कोणी टाळी वाजवली, आणि सभ्यपणाने सगळ्यांनीच वाजवली. मीही वाजवली. त्या अनामिक माणसाचे आभार मानण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

४

त्यानंतरच्या शनिवारी लाखलनची पाठ धरली होती. टोकाची जागा मार्सलीला मिळाली.

दुपार उतरताना मी हाक सुरू केली. एकेक ओ डोंगराकडे सरकत गेली आणि शेवटी मार्सलीची बारीक, स्वच्छ ओ ऐकू आली. त्यापुढे काही नाही. मी वाट पाहिली.

"मार्सली, पुरं कर," मी ओरडून म्हटले.

"काय म्हणू?" तिचा आवाज आला. "माझ्यापुढं कोणी नाही असं कसं म्हणू? आहे ना इथं. पलीकडे पहार मारतंय."

रांगेत हसू फुटले. "विचार मग कोण आहे ते," कोणी तरी म्हणाले.

तिने विचारले. मला तिचे शब्द कळले नाहीत, पण उत्तर कळले. ओ. साधी, कामात वाकलेल्या माणसाची, थोडी दमलेली ओ. बाईची की बुवाची ते सांगता येणार नाही. माझ्यापासून ती फार लांब असायला हवी होती, तरी मानेपाशी बोलल्यासारखी स्पष्ट आली. तेव्हा मी मनाशी म्हटले, की जाळीत आवाज कसाही फिरतो.

अंधार पडू लागला तशी आम्ही फाटकाशी जमलो. आम्ही सगळे होतो. ज्याने ओ दिली होती तो तेवढा आला नव्हता.

"बाई, थंडी हाडात शिरतेय," शेजारीण म्हणाली. "तो आपला नाही. जाईल आपल्या वाटेनं."

"कोणत्या वाटेनं?" मार्सली म्हणाली. "वाट दिसली का छायाचित्रात? आणि ओ दिलीय त्यानं. ग्रिझेल, नियम तुझाच आहे ना? का फक्त ओळखीच्या माणसांसाठी आहे?"

 तिने गळ्याभोवतीचा करडा रुमाल आवळला आणि पहार उचलली.

"मी घेऊन येते त्याला. तू हाक मारत राहा. आणि तोंड असं करू नकोस, बाई पोस्टाच्या खिडकीत बसल्यात असं वाटतं."

फांद्या तिच्यामागे मिटल्या. मी हाक मारली, तिने ओ दिली. पुन्हा मारली, पुन्हा दिली. मग ती म्हणाली, "आलेच." ते शब्द इतक्या दुरून आले, की तेवढे अंतर चालायला तिला वेळच मिळालेला नव्हता.

५

पोलीस आले, तटरक्षक आले, माग काढणारी कुत्री आली. कुत्री जाळीभोवती गोल फिरत राहिली. माग कुठे संपत नाही असे त्यांच्या माणसाने सांगितले. करवती लावून मध्यभागापर्यंत वाट पाडण्यात आली. मीही गेले. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ होती. मार्सलीची पहार मातीत सरळ रोवलेली होती आणि तिच्याजवळ एक बुंधा नुकताच उलटा ठेवलेला होता; मुळांची माती ओली होती. माणूस नव्हते.

मी हाक मारली. मार्सलीने ओ दिली. सगळ्यांनी ऐकली. माणसे आवाजाच्या दिशेने धावली, आणि परत येताना प्रत्येक जण वेगळ्या दिशेकडून आला.

"डोंगराच्या कड्यावरून आवाज परततो, मॅडम," पोलीस अधिकारी म्हणाले. चांगले गृहस्थ होते.

"मी 'मार्सली' म्हणते," मी म्हटले. "कडा 'ओ' म्हणतो का?"

त्यांनी टोपी सारखी केली.

घरी तिची खुर्ची शेकोटीपाशी होती. मी दिवसा ती हलवत नसे. संध्याकाळी भिंतीकडे वळवून ठेवत असे. मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मार्सली घरी यावी. ती जिवंत आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. हाकेला ओ देणारे माणूस मेलेले नसते, एवढे तर्कशास्त्र मला येत होते. राहता राहिली ती जाळी. ती काढली, की मार्सली दिसेल.

६

त्या हिवाळ्यात किलव्हॉरन जसे राबले तसे कधी राबले नसेल. शनिवार राहिला नाही. रोजच रांग लागे. इस्टेटीची माणसे, वनखात्याची माणसे, खाडीपलीकडच्या गावची माणसे आली. लाखलन पाठीला पट्टा बांधून येई. पुन्हा टोकाची जागा त्याने कोणाला घेऊ दिली नाही आणि त्याविषयी तो एक शब्दही बोलला नाही. जाळी आक्रसत गेली. ओकच्या मुळाशी पहिल्यांदा ऊन पोचले. दुसरा कोणी असता तर त्याला आनंद झाला असता.

मी रोज काम थांबताना हाक मारत असे, आणि ओ येत असे. ती बारीक होत चालली आहे हे माझ्या लक्षात आले, तेव्हा मी आधी कानांना दोष दिला, मग वाऱ्याला.

मार्चमध्ये जाळीचा एक पुंजका उरला, होडी ठेवायच्या खोपटाएवढा. लाखलन त्याच्याभोवती एक फेरी मारून पलीकडे उभा राहिला. फांद्यांवरून मला त्याची टोपी दिसत होती.

"मारा हाक, बाई," तो म्हणाला.

मी हाक मारली. ओ त्या पुंजक्यातूनच आली, पण खाडीच्या पैल तीरावरून यावी तशी, पातळ, उशिराने. लाखलनने टोपी काढली.

"ऐकलंस?"

"नाही," तो म्हणाला, आणि टोपी छातीशी धरून उभा राहिला.

तेव्हा मला कळले. इतक्या दिवसांत कळायला हवे होते, पण कळले ते तेव्हा. जाळी जितकी लहान होत होती, तितकी मार्सली दूर जात होती. आम्ही तिला शोधत नव्हतो, लोटत होतो.

"आता थांबा," मी म्हटले.

"बाई, गुरुवारी यंत्र येतंय. हा पुंजका ठेवला तर बी उडेल, नि सगळी मेहनत पाण्यात. तुम्हीच सांगत आलात की."

"लाखलन, मला घटकाभर एकटी सोड."

तो काही पावले मागे गेला. मी गुडघ्यावर बसून पाने बाजूला केली. पलीकडे काही हातांवर लाखलनचे पिवळे बूट दिसायला हवे होते. दिसली ती जमीन. स्वच्छ, झाडलेली, खाली उतरत गेलेली. दोन्ही बाजूंना उलट्या बुंध्यांच्या ओळी, नजर पोचेल तिथवर. सगळ्यात खाली वाकलेल्या पाठींची एक रांग होती. एका गळ्याभोवती करडे काही होते. तिच्या अलीकडे, माझ्या बाजूला, आणखी एक पाठ होती. ती इतरांहून लांब होती आणि कामाला वाकलेली होती. पानांचा आवाज ऐकून ती सरळ होऊ लागली. ती बराच वेळ सरळ होत राहिली.

मी पाने सोडली.

माझा हात मातीवर टेकलेला होता. त्याच्याखाली एक फांदी जमिनीला टेकून मुळे धरून बसली होती. ऱ्होडी अशीही पसरते. मी खिशातली कात्री काढली, ती फांदी मुळांसकट तोडली, आणि कोटाच्या आत घातली.

गुरुवारी यंत्र आले. नीलने सगळ्यांना लोण्याच्या बिस्किटाची एकेक छोटी वडी वाटली. भागीदारीचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्या मोकळ्या जागेवर उभी राहून मी हाक मारली, तेव्हा काहीही आले नाही.

७

परसात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी ती फांदी लावली. त्याच संध्याकाळी ओ आली. अगदी सुईच्या नेढ्यातून यावी एवढी, पण आली.

ऱ्होडी सावकाश वाढते. ही सावकाश वाढली नाही. उन्हाळा संपेपर्यंत ती खिडकीच्या चौकटीशी आली आणि मार्सलीचे शब्द कळू लागले. "जवळ आलेय गं," ती म्हणे. मी कळ्या येताक्षणी खुडून शेगडीत टाकत असे, म्हणजे बी उडू नये. माझ्या हातून गावाचे नुकसान होता कामा नये, हे मी पाळले. फांद्यांची गोष्ट वेगळी. त्यांना मी कात्री लावू शकत नव्हते. एकदा वाऱ्याने मोडलेली डहाळी मी काढून टाकली, तर त्या संध्याकाळी मार्सलीचा आवाज एका खोलीइतका मागे गेला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात काचेला पाने चिकटली. मी दिवसाही दिवा लावू लागले. परसदार उघडेना, फांद्यांनी ते बाहेरून धरले होते. मग मार्सलीची खुर्ची मी पुन्हा शेकोटीकडे तोंड करून ठेवली. आम्ही बोलत असू. तिला माझ्या सांध्यांची चौकशी असे, लाखलनच्या पाठीची असे. आवाज तिचाच होता, आणि बोलता बोलता मध्येच हसण्याची लकबही तिचीच.

एके दिवशी मी विचारले, "मार्सली, एकटीच येतेयस ना?"

मार्सलीला खोटे बोलता येत नसे; लहानपणापासून नाही. खोटे बोलावे लागेल अशा वेळी ती गप्प बसे.

ती गप्प बसली.

भिंतीच्या पलीकडे करकर झाली, आणि मग तो खोल सुस्कारा. त्यानंतर स्वयंपाकघराच्या फरशीचा एक दगड चुलीजवळ किंचित वर आला. मी त्यावर उभी राहिले तर तो खाली बसला. मी बाजूला झाले तर पुन्हा वर आला. घर जुने आहे, जमीन दमट आहे, दगड हलतात. हे कारण पुरेसे आहे असे मी स्वतःला समजावले आणि त्या रात्रीपासून पुढच्या खोलीत झोपू लागले.

८

आज दुपारी लाखलन आला. भागीदारीतर्फे आता तोच घरोघरच्या बागा तपासतो. पुढच्या दाराला कडी होती.

"बाई, मागच्या गल्लीतून तुमचं परस बघितलं," तो दाराबाहेरून म्हणाला. "छपरावर चढलंय ते. आम्ही करवती आणल्यात. नील आलाय. दार उघडा, तुम्ही माझ्या घरी चला, बायकोनं सूप केलंय. आम्ही संध्याकाळपर्यंत मोकळं करून देतो."

"त्याची गरज नाही," मी म्हटले.

 मग तो दाराच्या फटीला तोंड लावून हळू बोलला. "बाई, मी त्या दिवशी ओ ऐकली होती. पुंजक्यातली. नंतर मी रोज ऐकतो, होडीवर असलो तरी. पण ती येतेय ती एकटी नाही. मी टोकाला असायचो, मला ठाऊक आहे. तिच्या अलीकडे कोणीतरी आहे. आधी तोच बाहेर येणार."

पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ आहे. त्यात दोन माणसांना एकमेकांशेजारून जाता येत नाही. मार्सली आणि मी नेहमी एक पाऊल मागे घेऊन वाट देत असू. मी त्या बोळात उभी होते. कडी काढली, तर ते ऱ्होडी तोडतील, आणि माझी बहीण कोणाच्याही हाकेच्या टप्प्यात राहणार नाही. न काढावी, तर स्वयंपाकघराची खिडकी आता आतल्या बाजूला फुगली आहे, हे मला इथून दिसत होते. काच अजून फुटलेली नव्हती.

"ग्रिझेल?" स्वयंपाकघरातून मार्सली म्हणाली. आवाज खोलीतला होता.

"बाई?" लाखलन म्हणाला.

रांगेत हाक मीच सुरू करत असे. माझे नाव घेऊन मला कोणी कधी विचारले नव्हते. मी दोन्हीकडे पाहिले आणि तोंडातून जे निघायचे ते निघाले. मी ओ दिली.

दोन्ही आवाज एकदम थांबले. बाहेर लाखलनने कोणाला तरी, थांबा, बाई येतायत, असे सांगितले. आत, चुलीजवळ, कोणी तरी पहार अलगद जमिनीवर ठेवली.

कोणीच घाई करत नाही. आमच्याकडे ज्याने ओ दिली, तो येईपर्यंत माणसे थांबतात.